पाचांचा पेला

खानदेशचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. खानदेशची थंडी मात्र तेथे एखादा हिवाळा काढल्यावाचून कळत नाही. उत्तरेचे वारे तापीच्या खोऱ्यात शिरले की धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची वार्ता येते आणि गावोगाव दिवेलागणीलाच शेकोट्या पेटतात. अशाच एका नाताळच्या रात्री, जेवणे उरकल्यावर, धरणगावातील एका घरी आमच्यापुढे काचेचा उंच पेला आला. खाली काळी कॉफी, वर पांढऱ्या सायीचा थर. “फादर, थंडी फार आहे. ही आयरिश कॉफी घ्या,” घरचा तरुण मुलगा म्हणाला. पेला ओठांशी नेण्यापूर्वीच त्यातील व्हिस्कीचा दर्प आला. गावात आपण काही नवीनच आणले, असे त्या मुलाला वाटत होते. वास्तविक, मद्य आणि मसाला एकत्र केलेले एक पेय हिंदुस्थानातून ज्या लोकांनी आपल्या देशी नेले, त्यांची एक वखार साडेतीनशे वर्षांपूर्वी याच धरणगावात होती.

बालकवी ठोमरे यांचे जन्मगाव म्हणून धरणगाव मराठी वाचकांस परिचित आहे. सतराव्या शतकात मात्र त्याची ख्याती होती ती कापडाची पेठ म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या कारभाऱ्यांनी 1674 साली येथे वखार घातली. पुढच्याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगली अमलातील ही पेठ लुटली आणि 1679 साली पुन्हा लुटली. अशा बेभरवशाच्या ठिकाणी, घरादारापासून हजारो कोस दूर, तरुण इंग्रज कारकून दिवस कंठीत. त्यांचे वरिष्ठ सुरतेस होते, आणि रात्रीच्या पंक्तीचा शिरस्ताही सुरतेचाच.

त्या पंक्तीतील मानाचे पेय म्हणजे ‘पंच’. ताडीपासून किंवा गुळापासून गाळलेला अर्क, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस एका मोठ्या वाडग्यात कालवीत. वरून बहुधा जायफळ किसून घालीत. 1672 ते 1681 या काळात पूर्वेकडे हिंडलेला कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर सांगतो की, हे नाव आपल्या ‘पाच’ या शब्दावरून पडले. काही विद्वान या व्युत्पत्तीविषयी शंका घेतात; परंतु 1632 सालच्या, हिंदुस्थानातच लिहिलेल्या एका इंग्रजी पत्रात या पेयाचा उल्लेख आहे, आणि ते येथून विलायतेस गेले याविषयी फारसा वाद नाही. तिकडच्या कडाक्याच्या थंडीत लोक ते ऊन करून पिऊ लागले.

कॉफीची वाट निराळी. सुरतेची गलबते कापड घेऊन अरबस्तानातील मोखा बंदरास जात आणि परतताना कॉफी आणीत. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर 1616 ते 1619 या काळात येथे राहिलेला पाद्री एडवर्ड टेरी याने ही कॉफी पाहिली होती. धर्माचे नियम कसोशीने पाळणारे जे लोक मद्याला शिवत नाहीत, ते एका काळ्या बीचा काढा पितात. चवीपेक्षा त्याचा गुण मोठा, तो अन्न पचवतो आणि मनाला हुशारी आणतो, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. येथे वाचकांनी थोडे थांबावे. जेवणानंतरची कॉफी या देशात आली ती मद्याची सोबतीण म्हणून नव्हे. मद्य न पिणाऱ्याचा पेला म्हणून आली. आपल्या पोपमहाशयांविषयीही एक आख्यायिका आहे. मुसलमानांचे हे पेय निषिद्ध ठरवावे अशी मागणी झाली, तेव्हा आठवे क्लेमेंट यांनी ते आधी चाखून पाहिले आणि मग संमती दिली. आख्यायिकेची सत्यता कशीही असो, कॉफी ख्रिस्ती घरांत सन्मानाने नांदू लागली हे खरे.

या दोन वाटा एका पेल्यात मिळण्याच्या अनेक कथा आहेत. सर्वांत प्रसिद्ध आहे ती आयर्लंडमधील फॉइन्स या विमानतळावरची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, खराब हवेमुळे परतलेल्या आणि थंडीने गारठलेल्या प्रवाशांना जो शेरिडन या तेथील आचाऱ्याने कॉफीत व्हिस्की व साखर घालून, वर साय सोडून दिली, असे सांगतात. 1952 साली ती अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचली आणि तेथून जगभर.

आपण मात्र त्यासाठी आयर्लंडला जाण्याचे कारण नाही. मुंबई-वसईकडील आमच्या ख्रिस्ती बांधवांत ‘खिमाड’ नावाचे पेय पूर्वापार आहे. देशी मद्य, पाणी, साखर व दालचिनी-लवंगांसारखा मसाला एकत्र तापवून ते लग्नकार्यात ऊन ऊन देतात. त्याची हेटाळणी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. काना गावच्या लग्नघरी द्राक्षारस संपला तेव्हा प्रभूने यजमानास उपदेश केला नाही, त्याची अडचण निवारली. आनंदाच्या प्रसंगी मोजका पेला ही एक गोष्ट. थंडीचे निमित्त करून रोजचा पेला ही दुसरी.

कारण हे थंडीचे निमित्तच मुळी फसवे आहे. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग तापल्याचा भास होतो. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता अधिकच बाहेर पडते. कॉफी त्यात आणखी एक फसवणूक मिसळते. ती नशा उतरवीत नाही, नशेची सुस्ती तेवढी झाकते. म्हणून पिणाऱ्यास आपण शुद्धीवर आहोत असे वाटते आणि हात दुसऱ्या पेल्याकडे जातो. मुंबई-सुरतेस आलेला पाद्री ऑव्हिंग्टन याने, मुंबईत उतरलेल्या इंग्रजाचे आयुष्य अवघे दोन पावसाळ्यांचे, अशा अर्थाची म्हण नोंदवली आहे. त्यांस मुख्यतः तापांनी नेले; परंतु पंचाच्या वाडग्याचाही त्यात वाटा होता, हे त्यांच्या समकालीनांनाही कळत होते.

त्या नाताळच्या रात्री आम्ही पेला हलकेच बाजूस ठेवला. इतक्यात स्वयंपाकघरातून मुलाची आजी आली. तिच्या हातात पितळी कपबशी होती. त्यात दुधाची कॉफी, वर जायफळाची पूड. आम्हाला कप देत ती नातवाकडे न पाहता म्हणाली, “याच्या आजोबांनीही थंडीसाठीच सुरू केली होती, फादर. थंडी फाल्गुनात गेली; पेला काही गेला नाही.”

घरात कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने मुलगा उठला आणि आजीच्या हातची कॉफी स्वतःसाठी घेऊन आला. आमचे लक्ष त्या जायफळाकडे गेले. वखारीतल्या वाडग्यावर किसले जाई तेही जायफळच. पाचांपैकी मद्य आणि लिंबू तेवढे मागे राहिले होते. साखर, पाणी, मसाला आणि ऊब यांत काहीच उणे पडले नव्हते. जायफळ घातलेली कॉफी महाराष्ट्रातील घरांनी केव्हापासून जपली आहे. येत्या थंडीत जेवणानंतर ती आपल्या घरी व्हावी, आणि म्हाताऱ्यांनी मुलांना खरे ते सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे.