शाटियोंच्या स्त्रिया : 'लेडीज ऑफ चॅरिटी' या महिला सेवासंघाची चार शतके

संत विन्सेंट डी पॉल हे नाव घेतले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चर्चच्या दाराशी ठेवलेली गरिबांसाठीची दानपेटी उभी राहते आणि गरजूंच्या घरी भेटी देणारे सोसायटीचे सभासद आठवतात. हे साहजिकच आहे. तथापि ही सोसायटी स्वतः संत विन्सेंट यांनी स्थापन केलेली नाही. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी-मित्रांनी ती १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केली. त्या वेळी संत विन्सेंट निवर्तून एकशे त्र्याहत्तर वर्षे झाली होती. संतांनी स्वतःच्या हाताने नियमावली लिहून उभारलेली पहिली संघटना याहून २१६ वर्षांनी जुनी आहे. ती सर्वस्वी स्त्रियांची होती आणि आजही ती जिवंत आहे. तिचा इतिहास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने देत आहोत.

उन्हातली ती वाट

१६१७ च्या उन्हाळ्यात छत्तीस वर्षांचे फादर विन्सेंट फ्रान्सच्या पूर्व भागातील शाटियों-ले-दोंब या छोट्या गावी धर्मगुरू म्हणून आले. आज या गावाला शाटियों-स्युर-शालारोन म्हणतात. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले विन्सेंट तोपर्यंत पॅरिसच्या गोंदी या उमराव घराण्यात मुलांचे शिक्षक होते. तेथील ऐश्वर्य सोडून ते खेड्यात आले होते.

ऑगस्टमधील एका रविवारी ते मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत असताना एक बाई त्यांच्याकडे आली. गावापासून दूर असलेल्या एका घरात सगळे कुटुंब आजारी पडले आहे, पाणी द्यायलाही कुणी उभे नाही, असे तिने सांगितले. विन्सेंट यांनी प्रवचनात त्या कुटुंबाचा उल्लेख केला. दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांना गावातल्या बायकाच बायका दिसल्या. काही जात होत्या, काही परतत होत्या, काही उन्हाने दमून झाडाच्या सावलीत टेकल्या होत्या. एखादी मिरवणूकच निघावी तशी ती वाट भरून गेली होती.

आपल्यापैकी कोणताही धर्मगुरू त्या संध्याकाळी प्रवचन फळाला आले म्हणून समाधानाने झोपी गेला असता. विन्सेंट यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. आज या घरात इतके अन्न आले आहे की त्यातले बरेच नासून जाईल. मग उद्याचे काय? परवा काय? या बायकांच्या अंतःकरणात दया भरपूर होती, पण व्यवस्था नव्हती. या एका निरीक्षणातून पुढचे सर्व उभे राहिले.

तीन दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र बोलावून आळीपाळीने एकेक दिवस वाटून घेण्याची योजना मांडली. नोव्हेंबरमध्ये लिओंच्या धर्मप्रांताकडून नियमावलीला मान्यता मिळाली आणि ८ डिसेंबर १६१७ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, संघाची विधिवत स्थापना झाली. त्यानंतर काही दिवसांतच विन्सेंट पॅरिसला परतले. पाच महिनेही ते त्या गावी नव्हते. संघ मात्र त्यांच्यामागे चालू राहिला. कोणत्याही संस्थेची खरी परीक्षा संस्थापक गेल्यानंतर होते, हे आपण आपल्याकडेही पाहिलेले आहे.

दोन किल्ल्यांची पेटी

ती नियमावली आज वाचताना आश्चर्य वाटते ते तिच्यातील बारकाव्यांचे. सभासद स्त्रियांना 'गरिबांच्या सेविका' म्हटले आहे. संख्या वीसपर्यंत मर्यादित ठेवली आहे. विवाहितेने पतीची आणि अविवाहितेने आईवडिलांची संमती घ्यावी, अशी त्या काळाला धरून असलेली अटही आहे. परंतु कारभार कुणाच्या हाती? प्रमुख आणि तिच्या दोन साहाय्यिका यांची निवड स्त्रियांनीच मतांनी करायची. साहाय्यिकांपैकी एकीने खजिनदार म्हणून काम पाहायचे. पैसे आणि कागदपत्रे दोन वेगवेगळी कुलपे असलेल्या पेटीत ठेवायची. एक किल्ली प्रमुखेकडे, दुसरी खजिनदार बाईकडे. अचानक लागणाऱ्या खर्चासाठी थोडी रक्कम तेवढी खजिनदाराने हाताशी ठेवावी. सतराव्या शतकातील खेड्यात, जेथे स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचाही मुक्त अधिकार नव्हता, तेथे सार्वजनिक निधीच्या दोन्ही किल्ल्या स्त्रियांकडे होत्या.

रुग्णाला जेवण कसे द्यावे, हा भाग तर आईनेच लिहिला असावा असा वाटतो. त्या दिवशीच्या सेविकेने जेवण तयार करून रुग्णाच्या घरी न्यावे, हसतमुखाने व प्रेमाने त्याची विचारपूस करावी, बिछान्यावर ताट ठेवण्याची सोय करून स्वच्छ रुमाल पसरावा, ताट, चमचा आणि पाव मांडावा, रुग्णाचे हात धुवावेत, प्रार्थना म्हणावी, मांसाचे तुकडे करून द्यावेत आणि खिन्न असलेल्या रुग्णाशी काही आनंदाचे बोलावे. सूप, पाव, मटण किंवा वासराचे मांस, थोडा द्राक्षारस, मांसवर्ज्य दिवशी अंडी आणि लोणी असा आहारही ठरवून दिला होता. एक सूचना आम्हांला विशेष हृद्य वाटते. ज्यांच्याजवळ घरचे कुणी आहे, त्यांच्याकडे आधी जावे आणि जे अगदी एकटे आहेत, त्यांच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्यांच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. आजाऱ्यांना घरी जाऊन पवित्र कम्युनियन देणाऱ्यांनी हा क्रम आजही लक्षात घ्यावा.

पुरुषांचा प्रयोग

पुढील काही वर्षांत फ्रान्सच्या अनेक गावांत असे संघ निघाले. काही ठिकाणी विन्सेंट यांनी पुरुषांचे संघ काढले, काही ठिकाणी स्त्री-पुरुषांचे संयुक्त. स्त्रियांनी आजाऱ्यांकडे पाहावे आणि पुरुषांनी धडधाकट गरिबांना कामधंदा मिळवून द्यावा, अशी वाटणी होती. ती टिकली नाही. १६५० साली आपल्या एका सहकारी धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात विन्सेंट यांनी त्याचे कारण आडपडदा न ठेवता सांगितले आहे : पुरुषांना सगळा कारभार आपल्या हाती हवा असतो आणि स्त्रियांना ते सहन होत नाही. काही ठिकाणी त्यांना पुरुषांना बाजूला करावे लागले. स्त्रियांच्या आर्थिक व्यवहाराबाबत मात्र, त्या इतक्या दक्ष आणि प्रामाणिक असतात की त्यांच्याविषयी आपली काहीच तक्रार नाही, अशी ग्वाही त्यांनी दिली.

हे वाचून आम्ही धर्मगुरूंनीही थोडे अंतर्मुख व्हायला हरकत नाही. सणाच्या दिवशी चहा-नाश्त्याची जबाबदारी महिला मंडळावर आणि हिशेबाची वही दुसऱ्याच कुणाकडे, अशी विभागणी आपल्याकडे अपवादात्मक नाही.

मालकीण आणि मोलकरीण

शाटियोंच्या स्त्रिया गावातल्या होत्या आणि स्वयंपाक स्वतःच्या हाताने करीत होत्या. १६२९ पासून पॅरिसच्या धर्मग्रामांत संघ सुरू झाले तेव्हा चित्र पालटले. तेथे उमरावांच्या आणि न्यायाधीशांच्या पत्नी सभासद झाल्या. पैसा आला, पण सूपाचे भांडे घेऊन चिंचोळ्या गल्ल्यांतील जिने चढणे या स्त्रियांना जमेना. कुणाच्या पतीला रोगाच्या संसर्गाची भीती, कुणाला प्रतिष्ठेची काळजी. मग त्या आपल्या मोलकरणींना पाठवू लागल्या. मोलकरणीला ते आणखी एक काम. ज्या प्रेमासाठी नियमावली लिहिली गेली, तेच ताटातून गळून गेले.

या अडचणीतून मार्ग निघाला तो दोन स्त्रियांमुळे. पहिली लुईज द मारियाक. १६२५ साली वैधव्य आलेली, एका मुलाची आई असलेली ही सुशिक्षित स्त्री १६२९ पासून विन्सेंट यांच्या सांगण्यावरून गावोगावच्या संघांना भेटी देऊ लागली. घोडागाडीतून खडतर प्रवास करून ती हिशेब तपासी, मरगळलेल्या संघांत प्राण फुंकी आणि मुलींना शिकवी. दुसरी मार्गरीत नासो, स्युरेन गावची गुराखीण. गुरे राखता राखता रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना अक्षरे विचारून ती वाचायला शिकली आणि मग इतर मुलींना शिकवू लागली. पॅरिसला येऊन तिने रुग्णसेवेसाठी स्वतःला वाहून घेतले. १६३३ मध्ये प्लेगने आजारी असलेल्या एका स्त्रीला तिने आपल्याच बिछान्यात जागा दिली आणि त्याच रोगाने तिचा अंत झाला.

मार्गरीतसारख्या खेड्यातल्या मुली पुढे येऊ लागल्या, तेव्हा २९ नोव्हेंबर १६३३ रोजी लुईज यांनी काही जणींना आपल्या घरी एकत्र ठेवून घेतले. हाच 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या भगिनीसंघाचा आरंभ. (कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांनी १९५० मध्ये स्थापन केलेला 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' हा संघ निराळा. नामसादृश्यामुळे वाचकांची गल्लत होते, म्हणून हा खुलासा.) जगभर पसरलेला हा व्रतस्थ संघ प्रापंचिक स्त्रियांच्या स्वयंसेवी संघाच्या उणिवेतून जन्माला आला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

म्हणून उमराव स्त्रियांचा वाटा कमी लेखावा असे मात्र नव्हे. १६३४ साली मादाम गुसो या विधवेच्या पुढाकाराने पॅरिसच्या ओतेल-द्यू या मोठ्या रुग्णालयासाठी 'लेडीज ऑफ चॅरिटी'चा स्वतंत्र संघ निघाला. तेथे एकाच खाटेवर अनेक रुग्ण झोपवले जात. या स्त्रिया दुपारी तेथे जाऊन रुग्णांना खाऊ देत, त्यांच्यापाशी बसत. लवकरच त्यांची संख्या शंभरावर गेली. कार्डिनल रिशेल्यू यांची भाची आणि पुढे पोलंडची राणी झालेली लुईज-मारी द गोंझाग यांसारख्या स्त्रिया त्यांत होत्या.

त्यांची खरी कसोटी लागली ती टाकून दिलेल्या बाळांच्या बाबतीत. पॅरिसच्या रस्त्यांवर आणि चर्चच्या पायऱ्यांवर सोडलेली अर्भके ज्या घरात नेली जात, तेथे त्यांची अक्षरशः उपासमार होई, काही तर भिकाऱ्यांना विकली जात. १६३८ मध्ये संघाने चिठ्ठ्या टाकून थोडी बाळे निवडली आणि प्रयोग म्हणून डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या हाती सोपवली. १६४० पासून सर्वच बाळांचा भार उचलण्याचे ठरले. अनौरस संततीला पापाचे फळ मानणाऱ्या समाजात हा निर्णय सोपा नव्हता. १६४७ च्या सुमारास युद्ध आणि महागाईने निधी आटला, काम बंद करावे असे अनेकींचे मत पडले. त्या सभेत विन्सेंट यांनी केलेले आवाहन प्रसिद्धच आहे. आजवर तुम्ही या लेकरांच्या आया होता, आता घटकाभर न्यायाधीश होऊन त्यांनी जगावे की मरावे याचा निवाडा द्या, असा त्याचा आशय होता. काम बंद झाले नाही. याच स्त्रियांनी तुरुंगातील कैद्यांसाठी आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या लोरेन, पिकार्डी व शांपान्य या प्रांतांसाठीही पैसा उभा केला. तेथील हलाखीची वर्णने छापून वाटायची आणि त्यातून मदत मिळवायची, ही आज सर्रास वापरली जाणारी पद्धत त्या मदतकार्यात तेव्हाच अवलंबिली गेली.

१६५७ च्या एका सभेत विन्सेंट यांनी या स्त्रियांना सांगितले की, सुमारे आठशे वर्षे ख्रिस्तसभेत स्त्रियांना सार्वजनिक स्वरूपाचे कार्य राहिले नव्हते आणि परमेश्वराने ते आता तुमच्याकडे सोपवले आहे. फ्रान्सच्या एका धर्मगुरूने हे सतराव्या शतकात म्हटले आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो.

खंड आणि पुनरारंभ

फ्रेंच राज्यक्रांतीत हे संघ विखुरले. १८४० मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे पुनरुज्जीवन झाले, १८५७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे तेथील पहिला संघ निघाला आणि मग ते इतर देशांत पसरले. १९७१ साली या सर्वांचा मिळून आंतरराष्ट्रीय संघ झाला. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तो 'एआयसी' म्हणून ओळखला जातो. पन्नासहून अधिक देशांत त्याच्या सभासद आहेत. केवळ दान देण्यापेक्षा गरीब स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभे करणे, दारिद्र्याच्या कारणांविषयी आवाज उठवणे आणि स्वयंसेविकांना रीतसर प्रशिक्षण देणे यांवर १९७० नंतर या संघाने भर दिला.

आपल्याला परिचित असलेल्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचा प्रवास याच्या उलट आहे. ती पुरुषांची म्हणून सुरू झाली. १८५६ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे स्त्रियांची स्वतंत्र शाखा निघाली, आणि दोन्ही एकत्र यायला १९६७ साल उजाडावे लागले. वस्तुतः ओझानाम आणि त्याच्या मित्रांना गरिबांच्या घरी कसे जावे हे शिकवणारी व्यक्ती स्त्रीच होती. पॅरिसच्या कष्टकरी वस्तीत आयुष्य वेचलेल्या डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या सिस्टर रोझाली रांद्यू यांना २००३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले.

२०१७ मध्ये शाटियोंच्या संघाला चार शतके पूर्ण झाली. ज्या धर्मग्रामांतील महिला मंडळांना या परंपरेचे स्मरण करावयाचे असेल, त्यांच्या माहितीसाठी : संत विन्सेंट डी पॉल यांचा सण २७ सप्टेंबर रोजी येतो. संत लुईज यांचा सण पूर्वी १५ मार्च या त्यांच्या पुण्यतिथीस, म्हणजे बहुधा उपवासकाळातच येत असे. २०१६ पासून तो ९ मे रोजी साजरा केला जातो. जुन्या दिनदर्शिकांत पहिलीच तारीख आढळेल.