खोकला लपवायचा नसतो

आम्ही रहिमतपूरच्या बचत गटाच्या बायका. आज हप्त्याचं आणि कर्जाचं बोलायचं नाही, छातीच्या आजाराचं बोलायचं आहे.

गेल्या दिवाळीच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक आक्का सारख्या खोकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, चुलीच्या धुरानं होतंय." कधीपासून? "आखाडापासून." म्हणजे तीन महिने उलटून गेले होते. नंतर बाजूला घेऊन बोललो तेव्हा खरं कळलं. लेकीचं लग्न ठरत होतं. टीबी निघाला तर सोयरीक मोडेल, ही भीती त्यांना होती.

ही भीती आजची नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात क्षय म्हणजे मरणच समजायचे. सुनेला क्षय झाला की तिची ताट-वाटी वेगळी व्हायची, नाही तर तिला माहेरी धाडायचे. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी सांगितलं, की क्षय हा शाप नाही की पूर्वजन्मीचं पाप नाही, तो एका जंतूमुळे होतो. जंतू सापडला, पण त्याला मारणारं औषध कुणाकडं नव्हतं. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि परत आल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानं त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईलाही वाचवता येईना, असा तो काळ होता.

आपल्या भागात मोठा आधार झाला तो मिरजेचा. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथं मिशनचा दवाखाना उभा केला. आपल्या रहिमतपूर स्टेशनवरून जाणारी रेल्वे थेट मिरजेला पोहोचते, त्यामुळं आजही आपल्याकडं मोठा आजार म्हटलं की मिरजेचं नाव निघतं. पुढं सांगली आणि मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. औषध निघालं नव्हतं तेव्हा अशा आरोग्यधामात मोकळी हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार असायचा. कितीतरी महिने तिथं राहावं लागे. आता सांगा, चूल, गोठा आणि लेकरं सोडून कोणती बाई एवढे महिने जाऊन राहणार?

औषध निघालं ते 1943 नंतर. आधी स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग 1952 च्या सुमारास आयसोनियाझिडच्या गोळ्या आल्या. तरी प्रश्न राहिलाच, की गरिबाच्या दाटीवाटीच्या घरात औषध लागू पडेल का? 1956 पासून मद्रासमध्ये ते तपासून बघितलं. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना घरीच औषध दिलं. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळं घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. त्यानंतर जगभर टीबीचा उपचार घरी राहून करायची रीत पडली. बाईला घर सोडायची गरज उरली नाही. आपल्या देशात 1962 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. आज सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. साधा टीबी साधारण सहा महिन्यांत बरा होतो. उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यावर जमा होतात.

पण प्रत्येक जुना खोकला टीबीचाच असतो असं नाही. आमच्या ओळखीच्या एका काकींना बेडका न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. महिने गेले, वजन उतरतच राहिलं. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळलं, की फुप्फुसात कॅन्सरची गाठ आहे. तोवर उशीर झाला होता. छातीच्या फोटोत हे दोन्ही आजार कधीकधी सारखेच दिसतात. म्हणून गोळ्या घेऊनही फरक पडत नसेल, थुंकीतून रक्त येत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर "सीटी स्कॅन करायला लागेल का?" असं डॉक्टरांना आपणहून विचारायचं.

कॅन्सर फक्त बिडी ओढणाऱ्याला होतो, असंही समजू नका. बिडी-सिगारेट हे मोठं कारण आहेच, पण चुलीचा धूर आणि दुसऱ्याच्या बिडीचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर त्याचाही धोका असतो. तिशीनंतर सरकारी तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बघतात. मिश्री लावणाऱ्यांनी तर तोंड दाखवायलाच हवं. फुप्फुसाची मात्र अशी सरसकट तपासणी नाही. काही देशांत बरीच वर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांना, त्रास नसतानाही, कमी किरणांचा सीटी स्कॅन करायला सांगतात. 2011 मध्ये अमेरिकेत दिसून आलं, की अशा लोकांत त्यामुळं फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू साध्या एक्स-रेपेक्षा वीस टक्क्यांनी कमी झाले. घरातल्या कारभाऱ्यांना बिडीचं जुनं व्यसन असेल तर डॉक्टरांशी बोला. पण प्रत्येकीनं स्कॅन करायची गरज नाही. आपल्याला गरज आहे ती खोकला अंगावर न काढण्याची.

आक्कांबरोबर आम्ही दोघीतिघी दवाखान्यात गेलो. बेडक्यात टीबी निघाला. त्यांनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. लेकीचं लग्न वैशाखात झालं, आणि वऱ्हाडाला पुरणपोळ्या वाढायला आक्का सगळ्यांच्या पुढं होत्या.

आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. हप्ता गोळा झाला की वही मिटायच्या आधी विचारायचं, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त कोण खोकतंय? कुणाला संध्याकाळचा ताप येतोय? कुणाचं वजन उतरलंय?" जी हात वर करेल तिच्यासोबत दुसऱ्या दिवशी एकीनं दवाखान्यात जायचं. एकटीला पाठवायचं नाही. तुमच्याही गटात पुढच्या बैठकीला एवढं विचारून बघा.