दाभोळ: घोड्यांचं बंदर

दाभोळ म्हटलं की घरातल्या मोठ्यांना एकच शब्द आठवतो, एन्रॉन. आणि गंमत अशी की एन्रॉनचा प्रकल्प दाभोळमध्ये नव्हताच! तो होता खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलजवळ. पण कंपनीचं नाव ठेवलं दाभोळ पॉवर कंपनी. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये सगळं ठप्प, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं. बदनामी मात्र चिकटली ती खाडीच्या ह्या काठावरच्या गावाला. आज गूगलवर दाभोळ शोधलं तर निम्मं पान त्या विजेचंच दिसतं. म्हणून म्हटलं, त्याच्या आधीचं दाभोळ सांगूया.

मी गेलो दापोलीकडून. शेवटी रस्ता उतरत उतरत खाली येतो आणि एकदम खाडी दिसते. डोंगर आणि वाशिष्ठी नदीचं मुख यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी, त्या पट्टीवर गाव. पसरायला जागाच नाही. एवढ्याशा जागेत एवढं मोठं बंदर कसं चाललं असेल, हा पहिला प्रश्न माझ्या डोक्यात आला.

उत्तर जमिनीत नाही, पाण्यात आहे. वाशिष्ठीच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं आत चिपळूणपर्यंत जायची. तिथून कुंभार्ली घाट चढला की कराड, आणि पुढे देश: विजापूर, बिदर. म्हणजे दख्खनच्या सुलतानांना अरबी समुद्राकडे उघडणारी खिडकी. आमच्या भाषेत सांगायचं तर दाभोळ हा सर्व्हर नव्हता, गेटवे होता. माल इथे थांबायचा कमी, इथून जायचा जास्त.

माल कोणता? कापड, धान्य, तांबं, पारा असं बरंच काही. पण खरा माल म्हणजे घोडे.

दख्खनच्या हवेत आणि चाऱ्यावर लढाईचा उमदा घोडा नीट पैदा होत नाही. आणि बहमनी आणि विजयनगर यांची तर वर्षानुवर्षं जुंपलेली. घोडदळ ज्याचं मोठं, तो वरचढ. त्यामुळे दोघांनाही अरबस्तानातून, इराणमधून घोडे लागायचे, तेही सतत, कारण आणलेले घोडे इथे फार टिकायचे नाहीत. तेव्हा बंदर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात शत्रूचा लगाम. बहमनी राज्याचा प्रसिद्ध वजीर महमूद गवान, ज्याने बिदरचा मदरसा बांधला, तोसुद्धा १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून इराणहून आला आणि उतरला दाभोळलाच.

आता माझा आवडता माणूस. अफानासी निकितीन, रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. हा गडी त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीच आपल्याकडे फिरून गेला होता! १४६९ च्या आसपास तो एक घोडा घेऊन चौलला उतरला. एकच घोडा, म्हणजे आजच्या हिशोबात कुणी सगळी बचत एका शेअरमध्ये टाकावी तसं. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा जप्त केला आणि अट घातली: मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार सोन्याची नाणी देतो. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून धर्मही वाचला आणि घोडाही. पुढे बिदरला त्याने तो विकला. आणि परत जाताना जहाज कुठून पकडलं? दाभोळहून. दाभोळबद्दल तो लिहितो की हे फार मोठं शहर आहे आणि हिंदुस्थानच्या आणि हबशी देशाच्या किनाऱ्यावरचे लोक इथे एकत्र येतात. जायचं होतं होर्मुझला, पण जहाज भरकटून आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलं. बिचारा घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला. वही तेवढी पोचली.

हे शहर १५०८ च्या डिसेंबर अखेरीस जाळलं गेलं.

झालं असं. त्या वर्षी मार्चमध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. लढाई होती इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी. दाभोळ होतं आदिलशाहीकडे. पण बापाने सूड घ्यायला निघताना वाटेत आधी दाभोळ गाठलं. शहर लुटलं, पेटवलं, आणि बायका-मुलांनाही सोडलं नाही. हे खुद्द पोर्तुगीज बखरकारांनीच लिहून ठेवलंय. फेब्रुवारी १५०९ मध्ये त्याने दीवची मोठी लढाई जिंकली. शाळेत आपल्याला दीव शिकवतात, कारण तिथे 'समुद्रावरचं वर्चस्व' वगैरे ठरलं. दाभोळमध्ये काही ठरलं नाही, माणसं मेली फक्त, म्हणून ते पुस्तकात नाही. मला हे पटत नाही.

आल्मेदा १५१० मध्ये मायदेशी परतताना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला स्थानिक लोकांशी झालेल्या झटापटीत मारला गेला.

दाभोळ मात्र परत उभं राहिलं. काही वर्षांतच दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज लेखक इथल्या अरबी घोड्यांची आणि भरलेल्या बाजाराची नोंद करतो. पण खेळाचे नियम बदलले होते. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेलं आणि घोड्यांची जहाजं तिकडे वळवली जाऊ लागली. वर 'कार्ताझ', म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना. तो नसेल तर जहाज जप्त. समुद्र ज्यांचा रोजचा रस्ता होता त्यांनाच टोल!

जेट्टीजवळ जी मशीद दिसते, काळ्या दगडाची, चार मिनार आणि मधे घुमट, ती ह्या नंतरच्या काळातली. गावात सांगतात ती गोष्ट अशी: विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला जायला लवाजम्यासह दाभोळला आली, पण पुढचा प्रवास होऊ शकला नाही. मग यात्रेसाठी आणलेला पैसा तिने मशिदीला लावला. वर्ष सांगतात १६५९. कथा किती खरी, ते सोडा. पण वर्ष बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रतापगडाखाली अफझलखान पडला, मराठी फौजा कोकणात उतरल्या आणि दाभोळला असलेली खानाची जहाजं घाईघाईने राजापूरला हलवावी लागली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी दाभोळ घेतलं. प्रवास अडण्यासारखीच ती वेळ होती.

गावातलं चंडिकादेवीचं मंदिर चुकवू नका. गुहेत आहे, वाकून आत जावं लागतं, आणि आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाचे. ज्या गावाचं नाव वीज कंपनीला दिलं तिथे हे बघताना मला जरा हसू आलं.

धोपाव्याला जाणारी फेरीबोट २००३ पासून आहे. बहुतेक लोक गाडीत एसी लावून बसतात, बोट आली की चढतात आणि गुहागर गाठतात. तुम्ही गेलात तर एक फेरी सोडा, पुढची पकडा. मशीद जेट्टीपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

पुढच्या भागात चौलला जाऊ, निकितीनचा घोडा जिथे उतरला तिथे.