कागद सरकतो की खिडकी?

थेरगावाभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात मिलिंग यंत्रावर काम करणाऱ्या कारागिरास एक गोष्ट सहज ठाऊक असते. अनेक यंत्रांत कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबल सरकते. तथापि सीएनसी यंत्राचा प्रोग्रॅम लिहिताना जॉब स्थिर असून कटरच सरकतो, असे मानण्याची पद्धत आहे. सरकते कोण, हा तेथे संकेताचा प्रश्न होय. संगणकाच्या पडद्यावर मजकूर सरकविण्याच्या इतिहासातही हाच प्रश्न आढळतो.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. पुढे रूढ झालेल्या स्क्रोलबारची मूठ खाली ओढली की मजकूर वर जाई. म्हणजे कागद स्थिर व खिडकी चल. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाऊस आणला, तेव्हा त्याच्या चाकानेही हाच संकेत पाळला. विंडोजने चाकाच्या एका खटक्यास १२० हे मूल्य दिले. त्यामुळे खटक्याहून सूक्ष्म हालचालींसही वाव राहिला.

स्पर्शपडद्याने मात्र बोटाखाली कागदच दिला. ॲपलने २०११ च्या ‘लायन’ आवृत्तीत तीच दिशा ट्रॅकपॅड व माऊस यांस लावून तिला ‘नैसर्गिक’ म्हटले. परंतु बोट उचलल्यावरही तेथे मजकूर काही काळ वाहत राहतो, आणि वेगवर्धनामुळे जलद फिरलेल्या बोटापेक्षा तो अधिक अंतर कापतो. टेबलावरचा कागद असे करीत नाही. तात्पर्य, येथे निसर्ग म्हणजे सरावच होय. म्हणून दिशा व वेग निवडण्याची मुभा सरावलेल्या हाताकडे राहणे अगत्याचे ठरते.