बियांवाचूनचा वंश

नवग्रहस्तोत्रात सूर्याला ज्याच्या फुलाची उपमा दिलेली आहे आणि ‘मेघदूता’त महाकालाच्या सायंपूजेनंतर मेघावर चढणाऱ्या संध्यारागाला कालिदासाने ज्याच्या ताज्या फुलाची लाली बहाल केली आहे, ते जास्वंदीचे झुडूप आपल्या परसात इतके रुळलेले आहे की, त्याला स्वतःचे असे रान नाही ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. लिनिअसने १७५३ साली त्याला चीनचा गुलाब ठरविले खरे. परंतु चिनी मुलखातही ते आढळते ते माणसाने लावलेलेच.

डच कंपनीचा मलबारातील अंमलदार व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेल्या आणि १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात, ज्याच्या सिद्धतेस इट्टी अच्युतन या वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी ब्राह्मणांचे साहाय्य झाले होते, जास्वंदीचीही नोंद आहे. आपल्याकडे मात्र माड-पोफळीच्या बागायतीवर आकार बसे म्हणून जमाबंदीच्या दफ्तरात त्या बागायतीचा माग लागतो. कुंपणालगतच्या जास्वंदीकडून सरकारास वसूल तो कसला मिळणार!

तिचा खरा इतिहास घडला तो बायकांच्या देवघेवीत. आपल्याकडची जास्वंद बी धरते ती क्वचितच, आणि दुहेरी जातीत तर मधल्या दांडीवरचे पुंकेसरच पाकळ्या होऊन बसतात. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडी, ना कोवळी ना जून अशी वीतभर फांदी डोळ्याखाली तिरपी छाटावी, शेंड्याची दोन पाने राखून बाकीची खुडावीत आणि पाणी साचणार नाही अशा जागी खोचावी, एवढ्या विद्येवर, गणपतीला तांबडे फूल हवे या एका निमित्ताने, ती शेजारणीकडून शेजारणीकडे आणि माहेराहून सासरी गेली.

पुढे १८२० च्या सुमारास मॉरिशसमध्ये चार्ल्स टेल्फेअर याने आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हवाईतील हौशी बागवानांनी संकर करून रंगांची रेलचेल केली, आणि १९६० साली मलायाने तिला राष्ट्रपुष्पाचा मान दिला. त्या संकरित जातींना नावे आहेत, याद्या आहेत. गावठी तांबडीपाशी यांपैकी काही नाही. पण फांदीपासून झालेले रोप हा मूळ झाडाचाच अंश असल्यामुळे, आजीच्या परसातून आलेली जास्वंद ही तिचीच जास्वंद असते, आणि ज्या पिढीत फांदी मागणारे कोणी उरणार नाही त्या पिढीत, सनदेवाचून चालत आलेले हे वतन खालसा झाल्यावाचून राहणार नाही.