खड्यांबरोबर गहूही

३ मे १९७८. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचं मार्केटिंग सांभाळणाऱ्या गॅरी थर्कनं अर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना एकच संदेश पाठवला. आमचे नवे संगणक येताहेत, प्रात्यक्षिक पाहायला या, असा मजकूर. पत्ते इतके होते की ते पत्त्याच्या रकान्यात मावेनात. उरलेले मजकुरात सांडले. लोक भडकले, वरून कानउघाडणीही झाली. आज आपण ज्याला स्पॅम म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष.

पुढे एप्रिल १९९४मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका वकील दांपत्यानं ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांवर टाकली, आणि हा फुकटचा धंदा आहे हे सगळ्यांना कळलं. हा इतिहास बहुतेक वेळा असा, चोरांच्या बाजूनं सांगितला जातो. मला त्यातल्या पहारेकऱ्यांबद्दल बोलायचंय. मी सॉफ्टवेअर लिहितो. पहारेकरी बनवणारे आमच्याच जातीचे.

सुरुवातीचे पहारेकरी साधे होते: वाईट शब्दांची यादी करा, शब्द दिसला की अडवा. १९९६मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातंच उघडता येईना. गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सलग चार अक्षरांची एक शिवी दडलेली आहे. यंत्राला शिवी दिसली, गाव दिसलं नाही.

ऑगस्ट २००२मध्ये पॉल ग्रॅहमनं 'अ प्लॅन फॉर स्पॅम' हा निबंध लिहिला. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझचं संभाव्यतेचं गणित स्पॅमला लावायचा प्रयोग १९९८मध्येच झाला होता; ग्रॅहमनं तो लोकांपर्यंत नेला. सुमारे ४००० चांगली पत्रं आणि तेवढंच स्पॅम घेऊन, कुठला शब्द कुठे किती वेळा येतो ते त्यानं मोजलं. भडक लाल रंगाचा एचटीएमएल कोड स्पॅम ओळखायला अश्लील शब्दांइतकाच कामाचा निघाला! हे कुठल्याही यादीत कुणाला सुचलं नसतं.

पण मला त्यातले दोन आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. चांगल्या पत्रांत शब्द जितक्या वेळा आला, त्याच्या दुप्पट तो धरला जाई. आणि पूर्वी कधीच न दिसलेल्या शब्दाला ग्रॅहमनं ०.४ ही संभाव्यता दिली, म्हणजे अनोळखी असलास तरी तू बहुधा सज्जन. एखादं स्पॅम निसटलं तर ते पुसायला दोन सेकंद लागतात. नोकरीचं पत्र अडकलं तर ते कुणाला कळतही नाही. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, हे त्या आकड्यांत लिहिलेलं आहे.

नंतर स्पॅम टपालातून लेखांखालच्या प्रतिसादांत आलं. गूगल दुवे मोजून पानांना क्रम देतं म्हटल्यावर दुवे चिकटवणारे आलेच. जानेवारी २००५मध्ये गूगलनं 'नोफॉलो' आणलं, म्हणजे असे दुवे न मोजण्याची खूण. चिकटवणारे थांबले नाहीत. त्याच वर्षी अकिस्मेट आलं: असंख्य संकेतस्थळांसाठी एकच सामायिक पहारेकरी. सोय मोठी, पण त्याचा शिक्का चुकला, तर तोही सामायिकच. टपालात निदान स्पॅमची पेटी तुमच्या हाताशी असते. इथे लिहिणाऱ्याला वाटतं आपण बोललो, आणि वाचणाऱ्याला वाटतं कुणी काही बोललंच नाही.

आपल्या लिपीचंही पाहा. स्पॅमअसॅसिन या लोकप्रिय गाळणीत कुठल्या लिप्यांतली पत्रं तुम्हाला चालतात ते नोंदवायची सोय आहे. न सांगितलं तर सगळ्याच चालतात. निवडायला गेलात तर पर्याय आहेत पाश्चात्त्य, जपानी, कोरियन, सिरिलिक, थाई आणि चिनी. देवनागरी त्या यादीतच नाही. यात दुष्टावा नाही. यादी करणाऱ्यांच्या टपालात आपण नव्हतो, एवढंच.

किती स्पॅम पकडलं याचा आकडा सगळे अभिमानानं सांगतात. किती माणसं अडली, हे विचारणारा विरळा, कारण अडलेला माणूस तक्रार करायलाही आत येऊ शकत नाही. म्हणून कुणी नवी गाळणी दाखवली की मी आधी एकच गोष्ट विचारतो: अनोळखी शब्दाला किती गुण दिलेत?