टेन्सर प्रोसेसिंग युनिट : चिपवरील मेमरी
न्यूरल नेटवर्कची आकडेमोड वेगाने करण्यासाठी गूगलने 2015 पासून आपल्या डेटा सेंटरमध्ये वापरात आणलेली चिप. पहिल्या आवृत्तीत 256 × 256 गुणक जाळीसारखे मांडले होते. एच. टी. कुंग व चार्ल्स लायझरसन यांनी 1970 च्या दशकाअखेरीस मांडलेल्या सिस्टॉलिक रचनेनुसार आकडा एका गुणकाकडून थेट शेजारच्या गुणकाकडे सरकतो; प्रत्येक गुणाकारासाठी मेमरीकडे जावे लागत नाही. मधल्या थरांची उत्तरे चिपवरच्याच 24 मेगाबाइटच्या बफरमध्ये राहतात. चिपची सुमारे 29 टक्के जागा या एकट्या बफरने व्यापली. त्याला नेहमीच्या प्रोसेसरमधली कॅश म्हणता येणार नाही : कोणता आकडा केव्हा लागणार हे आधीच ठाऊक असल्याने त्यांची ने-आण प्रोग्रामच ठरवतो.

घोडे अडले ते बाहेर. नेटवर्कचे भारांक साध्या डीडीआर3 मेमरीतून सेकंदाला 34 गिगाबाइट एवढ्याच गतीने येत. या चिपवरील 2017 च्या शोधनिबंधात तपासलेल्या सहापैकी चार नेटवर्कांचा वेग या अरुंद वाटेने रोखला होता. गुणक बराच वेळ उपाशी बसत. डीडीआर3 ऐवजी जीडीडीआर5 मेमरी वापरली असती तर कामगिरी तिप्पट झाली असती, असा अंदाज खुद्द अभियंत्यांनीच त्यात दिला आहे. दुसऱ्या आवृत्तीत थरांवर थर रचलेली एचबीएम मेमरी आली.